इंग्रजीत फरक सांगताना: कोणत्या शब्दाला कोणाची सोबत

मराठीत दरी रुंदावते, मतभेद विकोपाला जातात, हिशोबात तफावत आढळते आणि औषधाने फरक पडतो. आता ‘दरी विकोपाला गेली’ किंवा ‘औषधाने तफावत पडली’ असं म्हणून पाहा. व्याकरण बिनचूक आहे, अर्थही लागतो, पण असं कुणी बोलत नाही. शब्दांची अशी ठरलेली संगत प्रत्येक भाषेत असते. इंग्रजीत तिला ‘कोलोकेशन’ म्हणतात. ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी १९५०च्या दशकात ही कल्पना भाषाशास्त्रात रुजवली. शब्दाची ओळख त्याच्या सोबत्यांवरून पटते, असं त्यांचं म्हणणं. (१९२०च्या दशकात हेच फर्थ लाहोरच्या पंजाब विद्यापीठात इंग्रजी शिकवत होते.)

इंग्रजीत फरक सांगायची वेळ सारखी येते. आयईएलटीएस या इंग्रजी भाषेच्या परीक्षेच्या अकॅडमिक प्रकारात लेखनाच्या पहिल्या प्रश्नात साधारण २० मिनिटांत किमान १५० शब्द लिहून आलेखातली किंवा तक्त्यातली तुलना मांडायची असते. गुण देण्याच्या चार निकषांपैकी एक पूर्ण निकष शब्दसंपदेचा आहे आणि त्याच्या सातव्या बँडच्या, म्हणजे गुणपातळीच्या, वर्णनात ‘कोलोकेशन’ हा शब्दच आलेला आहे. शोधनिबंध, ऑडिट रिपोर्ट, दोन कोटेशनची तुलना, भाड्याच्या दोन घरांबद्दलचा मेल, इथेही काम तेच. आणि बहुतेकांच्या हाताशी एकच जोडी असते: ‘व्हेरी बिग डिफरन्स’. ती चूक नाही. पण ती सगळीकडे वापरली, की फरक नेमका कसला ते वाचणाऱ्याला कळत नाही.

यावर विशेषणांची यादी पाठ करून भागत नाही. आधी फरकाची जात ओळखायची आणि त्यानुसार नाम निवडायचं. एकदा नाम ठरलं, की त्याला चालणारं विशेषण, क्रियापद आणि प्रिपोझिशन यांना फारसे पर्याय उरत नाहीत. मराठी माणसाला ही पहिली पायरी सोपी जायला हवी. फरक, भेद, तफावत, विषमता, दरी अशी वाटणी आपल्या भाषेत आधीपासूनच आहे.

आधी नाम ठरवा

‘डिफरन्स’ हा सर्वसाधारण शब्द. शंका असेल तेव्हा हाच वापरावा. बाकीचे शब्द मात्र आपापली जागा सोडून जात नाहीत.

कागदावरच्या दोन नोंदी जुळायला हव्या होत्या आणि जुळत नाहीत, तर ती ‘डिस्क्रेपन्सी’, म्हणजे आपली हिशोबातली तफावत. स्टॉक रजिस्टरमध्ये ४० पेट्या आणि गोदामात ३७ असतील तर ‘डिफरन्स’ म्हणून चालेल, पण ऑडिटर ‘डिस्क्रेपन्सी’च लिहील. त्याची क्रियापदं: ‘फाइंड’, ‘नोटिस’, ‘एक्स्प्लेन’, ‘रिझॉल्व्ह’. ‘देअर इज अ डिस्क्रेपन्सी बिटवीन द बिल अँड द डिलिव्हरी चलान’ हे वाक्य ऑफिसात जसंच्या तसं चालतं. दोन शहरांच्या तापमानातल्या फरकाला मात्र ‘डिस्क्रेपन्सी’ म्हणू नये. ती तापमानं सारखी असावीत अशी कुणाची अपेक्षाच नसते.

‘डिस्पॅरिटी’त अन्यायाचा वास असतो. पगार, आरोग्यसेवा, शिक्षण अशा ठिकाणी जे समान असायला हवं ते नाही, असं त्यातून सूचित होतं. आपला ‘विषमता’ हा शब्द याच्या जवळचा. त्याच्यासोबत ‘ग्लेअरिंग’, ‘वाइड’, ‘ग्रोइंग’ ही विशेषणं येतात: ‘अ ग्लेअरिंग डिस्पॅरिटी इन वेजेस’. ‘ग्लेअरिंग’ म्हणजे डोळ्यांवर येणारं, दुर्लक्ष करताच येऊ नये असं. त्यामुळे ते कायम वाईट गोष्टींनाच लागतं: ‘ग्लेअरिंग एरर’, ‘ग्लेअरिंग ओमिशन’. कौतुकाच्या वाक्यात ते घालू नका.

‘गॅप’ म्हणजे दरी. दोन टोकांमधलं अंतर कमी-जास्त होतंय, हे सांगायला हाच शब्द. मराठीतल्या दरीसारखी ती ‘वाइडन्स’, म्हणजे रुंदावते, आणि ‘नॅरोज’, म्हणजे अरुंद होते. आपल्याकडे ‘द गॅप रिड्यूस्ड’ असं सर्रास लिहिलं जातं. तिथे ‘द गॅप नॅरोड’ हवं. कोणीतरी गॅप कमी करत असेल तर ‘रिड्यूस द गॅप’ चालतं, ‘नॅरो’, ‘क्लोज’ आणि ‘ब्रिज’ही चालतात. ‘फिल द गॅप’चा अर्थ वेगळा. जिथे काहीच नव्हतं ती रिकामी जागा भरणं, उदाहरणार्थ बाजारात नसलेली वस्तू आणणं. गरीब-श्रीमंतांमधली दरी ‘फिल’ होत नाही, ती ‘ब्रिज’ करायची असते. ‘जेंडर पे गॅप’, ‘जनरेशन गॅप’, ‘एज गॅप’ या घट्ट जमलेल्या जोड्या आहेत. ‘डिजिटल डिव्हाइड’ आणि ‘रूरल-अर्बन डिव्हाइड’ यांत मात्र ‘डिव्हाइड’ लागतं. समाजाचे दोन तुकडे पडलेत, असा त्याचा सूर.

‘डिस्टिंक्शन’ म्हटलं, की आपल्याला दहावीचे ७५ टक्के आठवतात. इथे त्याचा अर्थ भेद, विचाराने केलेला वेगळेपणा. तो ‘ड्रॉ’ किंवा ‘मेक’ केला जातो: ‘द लॉ ड्रॉज अ क्लिअर डिस्टिंक्शन बिटवीन थेफ्ट अँड रॉबरी’. तो धूसर झाला तर ‘ब्लर्ड’. बारीक असेल तर ‘फाइन’ किंवा ‘सटल’. (या ‘सटल’च्या स्पेलिंगमध्ये बी आहे, उच्चारात नाही.) ‘फाइन डिफरन्स’ मात्र क्वचितच कोणी म्हणतं. बोलताना ‘देअर इज अ फाइन लाइन बिटवीन’ अशी सुरुवात करून दोन गोष्टी जोडतात: आत्मविश्वास आणि उद्धटपणा, काटकसर आणि कंजूषपणा.

‘काँट्रास्ट’ म्हणजे शेजारी ठेवल्यावर उठून दिसणारा विरोध. त्याला ‘स्टार्क’, ‘शार्प’, ‘स्ट्रायकिंग’ अशी धारदार विशेषणं शोभतात. ‘स्लाइट काँट्रास्ट’ हा फोटो किंवा टीव्हीच्या सेटिंगबद्दल ठीक. दोन धोरणांबद्दल लिहिलं तर विचित्र वाटतं. महाबळेश्वरला वर्षाला ५००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि पुण्याला सुमारे ७०० ते ७५०. हा खराखुरा ‘स्टार्क काँट्रास्ट’.

‘व्हेरिएशन’ दोघांत नसतं, ते समूहात असतं. दुकानागणिक भाव बदलतात, जिल्ह्यागणिक बोली बदलते, तिथे ‘व्हेरिएशन’ किंवा ‘व्हेरी’ हे क्रियापद येतं: ‘प्रायसेस व्हेरी वाइडली फ्रॉम शॉप टु शॉप’. दोनच गोष्टी असतील तर ‘डिफर’. ‘द टू ब्रदर्स व्हेरी’ असं लिहू नका, ‘द टू ब्रदर्स डिफर’ लिहा.

विशेषण कोणतं, किती वजनाचं

‘डिफरन्स’ला चालणारी विशेषणं वजनाप्रमाणे लावली तर तळाशी ‘स्लाइट’, ‘मार्जिनल’, ‘मायनर’. मध्ये ‘नोटिसेबल’, ‘कन्सिडरेबल’. वर ‘मार्क्ड’, ‘सब्स्टॅन्शियल’, ‘ह्यूज’, ‘व्हास्ट’. ‘मार्जिनल’ बहुतेक वेळा आकड्यांपुरतंच ठेवावं. ‘सटल’चा आकड्यांशी संबंध नाही; चव, रंग, अर्थ, उच्चार यांतला बारकावा ते सांगतं. दोन बँकांच्या व्याजदरात ‘सटल डिफरन्स’ नसतो, दोन चहांत असू शकतो. मुळातच वेगळं असेल तर ‘फंडामेंटल’. निर्णय ज्यावर अवलंबून आहे तो ‘क्रूशियल’ किंवा ‘की डिफरन्स’. ‘हाय डिफरन्स’ आणि ‘हेवी डिफरन्स’ या दोन्ही जोड्या आपल्याकडे ऐकू येतात आणि दोन्ही टाकून द्याव्यात. किंमत ‘हाय’ असते, पाऊस ‘हेवी’ असतो. फरक ‘बिग’ किंवा ‘लार्ज’.

‘सिग्निफिकंट’बद्दल वेगळं सांगायला हवं, कारण शोधनिबंधात त्याचा अर्थ बांधलेला आहे. संख्याशास्त्रात ‘सिग्निफिकंट डिफरन्स’ म्हणजे चाचणी करून पाहिलेला, निव्वळ योगायोगाने असा निकाल येण्याची शक्यता ठरवलेल्या मर्यादेपेक्षा कमी असलेला फरक. ही मर्यादा प्रथेप्रमाणे ०.०५ धरतात. असा फरक आकाराने किरकोळही असू शकतो. नमुना पुरेसा मोठा असला, की अर्ध्या गुणाचा फरकसुद्धा ‘सिग्निफिकंट’ ठरतो. म्हणून वैद्यकीय, कृषी किंवा मानसशास्त्रीय लेखनात चाचणी केली नसेल तर हा शब्द टाळावा आणि ‘मार्क्ड’ किंवा ‘सब्स्टॅन्शियल’ वापरावा. तपासणारे इथे हमखास अडवतात, आणि त्यांचं बरोबर असतं.

नामाऐवजी ‘डिफरंट’ हे विशेषण वापरलं, तर त्याच्या आधी ‘कम्प्लीटली’, ‘एन्टायरली’, ‘रॅडिकली’, ‘फंडामेंटली’, ‘स्ट्रायकिंगली’, ‘स्लाइटली’, ‘सटली’ येतात. ‘हायली डिफरंट’ येत नाही. ‘हायली’ हे ‘सक्सेसफुल’, ‘स्किल्ड’, ‘लाइकली’ यांच्या सोबतीने फिरतं. ‘डीपली’ला ‘डिव्हायडेड’ जवळचं: एखादा पक्ष ‘डीपली डिव्हायडेड’ असतो, ‘डीपली डिफरंट’ नव्हे. ‘डायमेट्रिकली’ची जोडी तर जवळजवळ एकनिष्ठ आहे, तिच्या पुढे ‘ऑपोज्ड’ किंवा ‘ऑपोझिट’ येणार हे गृहीत धरावं. ‘मच डिफरंट’ सहसा नकारात किंवा प्रश्नातच येतं: ‘इट इजन्ट मच डिफरंट’. होकारी वाक्यात ‘व्हेरी डिफरंट’ म्हणावं. आणि ‘क्वाइट डिफरंट’चा अर्थ ‘बऱ्यापैकी वेगळं’ एवढ्यावर थांबत नाही. तिथे ‘क्वाइट’ म्हणजे पार, पूर्णपणे.

साम्य सांगतानाही हाच घोळ होतो. ‘ऑलमोस्ट सिमिलर’ ही आपल्याकडची लाडकी जोडी. ‘सिमिलर’ म्हणजेच ‘जवळपास सारखं’, त्यामुळे तिथे ‘जवळपास’ दोनदा येतं. ‘ऑलमोस्ट द सेम’ किंवा ‘व्हेरी सिमिलर’ म्हणावं. ‘एक्झॅक्टली सिमिलर’चंही तेच, ‘एक्झॅक्टली’ला ‘द सेम’ हवं. ‘आयडेंटिकल’ला ‘व्हेरी’ लागत नाही, ‘व्हर्च्युअली’ किंवा ‘ऑलमोस्ट’ लागतं.

विभक्ती आड येते तेव्हा

प्रिपोझिशनच्या चुका अडाणीपणाच्या नसतात. त्यांच्यामागे मराठीची विभक्ती उभी असते, म्हणून त्या नेमक्या ठरावीक जागीच होतात आणि ठरवून सुधारताही येतात.

‘या दोन फोनमध्ये काय फरक आहे?’ इथल्या ‘मध्ये’चं ‘इन’ होतं आणि ‘व्हॉट इज द डिफरन्स इन दीज टू फोन्स?’ असं वाक्य तयार होतं. इंग्रजीत कामाची वाटणी अशी: ज्यांची तुलना चाललीय त्यांच्यासाठी ‘बिटवीन’, ज्या बाबतीत फरक आहे तिच्यासाठी ‘इन’, आणि फरक केवढा ते सांगायला ‘ऑफ’. तिन्ही एका वाक्यात: ‘देअर इज अ डिफरन्स ऑफ टू थाउजंड रुपीज इन प्राइस बिटवीन द टू फोन्स’. ‘बिटवीन’ला ‘अँड’ची साथ लागते, ‘टु’ची नाही. ‘बिटवीन पुणे टु मुंबई’ ही चूक प्रवासाच्या वाक्यांतही ऐकू येते.

‘पेक्षा’ आणि ‘हून’ यांचं ‘दॅन’ होतं, म्हणून ‘डिफरंट दॅन’. अमेरिकेत हे चालतं, विशेषतः पुढे अख्खं उपवाक्य असेल तेव्हा. ब्रिटनमध्ये ‘डिफरंट टु’ही ऐकू येतं. ‘डिफरंट फ्रॉम’ दोन्हीकडे निर्धोक आहे, परीक्षेत तेच लिहावं. ‘डिफर’ क्रियापदालाही ‘फ्रॉम’च लागतं, पण मतभेद असेल तर माणसासाठी ‘विथ’ आणि विषयासाठी ‘ऑन’ किंवा ‘ओव्हर’.

याच ‘पेक्षा’चा आणखी एक सापळा आहे, आणि माझ्या मते सगळ्यांत मोठा. ‘मुंबईची लोकसंख्या पुण्यापेक्षा जास्त आहे’ हे मराठी वाक्य निर्दोष आहे. पुण्यापेक्षा म्हणजे पुण्याच्या लोकसंख्येपेक्षा, हे आपण समजून घेतो. इंग्रजीत ‘द पॉप्युलेशन ऑफ मुंबई इज हायर दॅन पुणे’ लिहिलं तर लोकसंख्येची तुलना थेट शहराशी होते. बोलण्यात खपून जातं, लेखनात गुण जातात. ‘दॅन दॅट ऑफ पुणे’ हवं. अनेकवचन असेल तर ‘दॅन दोज ऑफ’. पावसाबद्दल ‘दॅन इन पुणे’ एवढंही पुरतं. ‘अनलाइक’चंही तसंच: ‘अनलाइक पुणे, द रेनफॉल इन महाबळेश्वर इज हेवी’ यात पुणे आणि पाऊस एका रांगेत बसले. ‘अनलाइक पुणे, महाबळेश्वर गेट्स हेवी रेन’ म्हटलं, की गाव गावासमोर येतं.

‘च्या तुलनेत’चं भाषांतर म्हणजे ‘ॲज कम्पेअर्ड टु’. तो वाक्प्रचार ठीक आहे, पण ‘हायर ॲज कम्पेअर्ड टु’ नको. ‘हायर’ म्हटल्यावर ‘दॅन’च यायला हवं. ‘कम्पेअर्ड टु’ वापरायचं असेल तर वाक्यात तुलनेचं दुसरं रूप ठेवू नका. ‘मोर बेटर’, ‘व्हेरी हायर’, ‘कम्पॅरेटिव्हली चीपर दॅन’ यांतही हीच डबल मात्रा. ‘हायर’ला जोर द्यायचा तर ‘मच’, ‘फार’, ‘कन्सिडरेबली’, ‘स्लाइटली’. आणि ‘बाय फार’ वरच्या टोकासाठी राखून ठेवलेलं आहे: ‘बाय फार द हायेस्ट’.

फरक करणे, फरक पडणे

दोन मराठी वाक्यं इंग्रजीत नेली, की अर्थच बदलतो.

पहिलं: ‘आम्ही मुलगा-मुलगीत फरक करत नाही.’ यातून ‘वुई डोन्ट मेक एनी डिफरन्स बिटवीन’ असं वाक्य निघतं. पण ‘मेक अ डिफरन्स’ म्हणजे प्रभाव पाडणं, चांगला बदल घडवणं. स्वयंसेवी संस्थांच्या पत्रकांत तो याच अर्थाने असतो. इथे ‘वुई ट्रीट देम एक्झॅक्टली द सेम’ म्हणावं, औपचारिक लेखनात ‘डिस्क्रिमिनेट बिटवीन’.

दुसरं डॉक्टरकडचं. ‘आता फरक आहे का?’ या प्रश्नात फरक म्हणजे आराम. परदेशातल्या डॉक्टरला ‘देअर इज सम डिफरन्स’ सांगितलं, तर बरं वाटतंय की बिघडलंय ते त्याला कळणार नाही. ‘सम इम्प्रूव्हमेंट’ किंवा सरळ ‘आय फील अ बिट बेटर’ म्हणावं. फरक नसेल तर ‘नो चेंज’.

‘मेक’सोबतच्या जोड्यांत आर्टिकल हलवलं तरी अर्थ हलतो. ‘मेक अ डिफरन्स’ वर आलंच. ‘मेक नो डिफरन्स’ म्हणजे काही फरक न पडणं. ‘मेक ऑल द डिफरन्स’ म्हणजे एका गोष्टीने चित्रच पालटणं: बटाटेवड्याच्या सारणात शेवटी पिळलेलं लिंबू ‘मेक्स ऑल द डिफरन्स’. ओळखण्याच्या अर्थी मात्र ‘टेल’ लागतं आणि त्याला ‘द’ हवंच: ‘आय कान्ट टेल द डिफरन्स’. जुळ्या भावंडांबद्दल ‘आय कान्ट टेल देम अपार्ट’. ‘लिटल डिफरन्स’ आणि ‘अ लिटल डिफरन्स’ हेही सारखे नाहीत. पहिल्यात फरक जवळपास नाहीच, दुसऱ्यात थोडा आहे. तो थोडा फरक सांगायला ‘अ स्लाइट डिफरन्स’ म्हणावं, म्हणजे घोटाळा टळतो.

प्रश्नपत्रिकेतलं ‘डिस्टिंग्विश बिटवीन’ सगळ्यांच्या ओळखीचं आहे. त्याचीही दोन रूपं आहेत: ‘डिस्टिंग्विश बिटवीन ए अँड बी’ किंवा ‘डिस्टिंग्विश ए फ्रॉम बी’. दोन्हींची भेसळ करू नये.

आकडे असतील तेव्हा

२००१च्या जनगणनेत महाराष्ट्रात पुरुषांची साक्षरता सुमारे ८६ टक्के आणि स्त्रियांची ६७ टक्के होती. २०११मध्ये ते आकडे अनुक्रमे ८८ आणि ७६ झाले. यावर घाईत लिहिलं जातं ते असं:

‘इन टू थाउजंड वन देअर वॉज व्हेरी हाय डिफरन्स इन मेल अँड फीमेल लिटरसी. इन ट्वेंटी इलेव्हन द डिफरन्स रिड्यूस्ड. फीमेल लिटरसी इन्क्रीज्ड बाय नाइन पर्सेंट. ऑन द कॉन्ट्ररी, मेल लिटरसी इन्क्रीज्ड व्हेरी लेस.’

सुधारून:

‘इन टू थाउजंड वन देअर वॉज अ वाइड गॅप बिटवीन मेल अँड फीमेल लिटरसी. बाय ट्वेंटी इलेव्हन इट हॅड नॅरोड फ्रॉम नाइन्टीन टु ट्वेल्व्ह पर्सेंटेज पॉइंट्स. फीमेल लिटरसी रोज बाय नाइन पॉइंट्स, व्हेअरॅज द मेल रेट रोज ओन्ली स्लाइटली.’

‘डिफरन्स’च्या जागी ‘गॅप’ आला, कारण तो दहा वर्षांत बदलतोय. ‘पर्सेंट’च्या जागी ‘पर्सेंटेज पॉइंट्स’ आले. ६७ वरून ७६ म्हणजे नऊ पॉइंट्स, पण टक्क्यांत मोजली तर तीच वाढ १३ टक्क्यांहून थोडी जास्त भरते, कारण ६७ चे १३ टक्के म्हणजे जवळपास नऊ. टक्केवारींमधला फरक सांगताना ‘पॉइंट्स’ गाळले, की आकडाच चुकीचा होतो. आणि ‘ऑन द कॉन्ट्ररी’ गेलं. ते आधीचं विधान खोडून काढताना वापरायचं: तो आळशी नाही, उलट फार कष्टाळू आहे. दोन खऱ्या गोष्टी फक्त समोरासमोर ठेवायच्या असतील तर ‘बाय काँट्रास्ट’ किंवा ‘व्हेअरॅज’. ‘बाय काँट्रास्ट’ने नवीन वाक्य सुरू होतं, ‘व्हेअरॅज’ दोन उपवाक्यं एकाच वाक्यात जोडतं. ‘व्हेअरॅज’नंतर पूर्णविरामापर्यंत एकच उपवाक्य असेल आणि जोडायला दुसरं काहीच नसेल, तर ते वाक्य अर्धवट राहिलं असं समजावं.

पट सांगताना ‘टाइम्स मोर’ टाळा. २०११मध्ये बृहन्मुंबईची लोकसंख्या सुमारे १ कोटी २४ लाख होती, पुणे शहराची सुमारे ३१ लाख; म्हणजे जवळपास चौपट. ‘ऑलमोस्ट फोर टाइम्स ॲज मेनी पीपल ॲज पुणे’ हे निःसंदिग्ध आहे. ‘फोर टाइम्स मोर’ वाचून काहीजण चौपट समजतात आणि काहीजण मूळ अधिक चौपट, म्हणजे पाचपट. दुप्पट आणि निम्म्यासाठी ‘ट्वाइस ॲज मच’ आणि ‘हाफ ॲज मच’. मोजता येणाऱ्या गोष्टी असतील तर ‘मच’च्या जागी ‘मेनी’.

बोलीतल्या जोड्या

जमीन-अस्मानाचा फरक इंग्रजीत ‘अ वर्ल्ड ऑफ डिफरन्स’ होतो. दोन माणसांची मतं दोन टोकांची असतील तर ती ‘पोल्स अपार्ट’. स्वभावाने अगदीच वेगळ्या भावंडांना ब्रिटनमध्ये ‘चॉक अँड चीज’ म्हणतात. तुलनाच गैरलागू असेल तर ‘ॲपल्स अँड ऑरेंजेस’. एकोणीस-वीसच्या फरकाला ‘नाइन्टीन-ट्वेंटी’ म्हटलं तर भारताबाहेर कुणाला कळत नाही. ‘देअर इज लिटल टु चूज बिटवीन देम’ म्हणावं. विक्रेता १००० म्हणतो, गिऱ्हाईक ८००, आणि सौदा ९००ला ठरतो, ते ‘स्प्लिट द डिफरन्स’. मतभेद हे ‘डिफरन्सेस ऑफ ओपिनियन’, आणि ते बाजूला ठेवायचे तर ‘पुट असाइड अवर डिफरन्सेस’. यातलं ‘स्प्लिट द डिफरन्स’ आणि मतभेदाच्या जोड्या ऑफिसच्या मेलमध्ये चालतात. ‘चॉक अँड चीज’ गप्पांपुरतंच ठेवावं. आयईएलटीएसच्या आलेखात तर यातलं काहीच नको.

जोडी खरी की मनाची, हे तपासायचं कसं

गूगल बुक्सच्या एनग्राम व्ह्यूअर या ऑनलाइन साधनात ‘डिफरन्स’ या शब्दाआधी फुली (*) टाकून शोधलं, की छापील पुस्तकांत त्या जागी सर्वांत जास्त वेळा आलेले दहा शब्द दिसतात. नुसती फुली टाकली तर ‘द’, ‘नो’, ‘अ’ असे शब्दच जागा अडवतात. म्हणून फुलीला चिकटून अंडरस्कोर आणि इंग्रजी मोठ्या लिपीतली ए, डी, जे ही तीन अक्षरं लिहावीत. मग फक्त विशेषणं येतात. दोन जोड्यांत अडकला असाल तर दोन्ही स्वल्पविरामाने लिहा, उदाहरणार्थ ‘हायली डिफरंट, रॅडिकली डिफरंट’. दोघींच्या रेषा एकाच आलेखात येतात. ब्रिटिश आणि अमेरिकन पुस्तकांचा संच वेगवेगळा निवडता येतो. ‘डिफरंट टु’ आणि ‘डिफरंट दॅन’ यांचा झगडा तिथे डोळ्यांनी पाहता येतो.

साध्या गूगल शोधात अवतरणचिन्हं घालून मिळणाऱ्या निकालांच्या आकड्यावर मात्र विसंबू नये. तो ढोबळ अंदाज असतो, आणि ‘ऑलमोस्ट सिमिलर’ लिहिणारी पानंही त्यात मोजली जातात. ‘कॉर्पस ऑफ कंटेम्पररी अमेरिकन इंग्लिश’ हा शंभर कोटींहून अधिक शब्दांचा संग्रह जास्त भरवशाचा. बोलणं, कथा, मासिकं, वर्तमानपत्रं, शोधनिबंध असे त्याचे वेगळे भाग आहेत. ‘मार्क्ड डिफरन्स’ शोधनिबंधात किती आणि गप्पांत किती, हे तिथे कळतं. वहीत नोंद करताना नुसतं ‘मार्क्ड’ लिहून ठेवलं तर चार महिन्यांनी त्याचा उपयोग शून्य. ‘अ मार्क्ड डिफरन्स इन… बिटवीन… अँड…’ असा आर्टिकल आणि प्रिपोझिशनसकट पूर्ण साचा लिहावा, आणि मोकळ्या जागा स्वतःच्या कामातल्या आकड्यांनी भराव्यात.